अर्ध्या अध्यायाची कपार

वेळगणच्या डोंगरावर जायचं असेल तर खुशाल जा, वाट सोपी आहे. दोन तासांत माथ्याजवळ पोचाल. तिथे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं लागेल. टाक्यातल्या कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलं की आत कोरडी, अंधारी कपार आहे. तिच्या पश्चिमेच्या भिंतीला वीतभर रुंदीची एक फट आहे. दुपार कलली की त्या फटीतून उन्हाची पट्टी आत येते, एका सपाट दगडावर पडते आणि सरकत सरकत निघून जाते. बघण्यासारखं आहे. फक्त आत गेल्यावर हाका मारू नका. मागच्या वर्षी शहरातलं एक टोळकं आलं होतं. आवाज घुमतो म्हणून त्यांनी आत जाऊन आरोळ्या ठोकल्या. खाली उतरल्यावर गावच्या बायकांनी त्यांना असं काही फैलावर घेतलं की ती मंडळी डबे न उघडताच परत गेली. चुकलंच त्यांचं. कुणी वाचत बसलेलं असताना आपण आरडाओरडा करतो का?

आत कुणी दिसत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण कपार रिकामी आहे, असं वेळगणमध्ये म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत, ते चढण्याआधीच ऐकून घ्या.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली आहे. लष्कर कुणाचं होतं यावर गावात एकमत नाही. तीन म्हाताऱ्यांना विचारलंत तर तीन नावं ऐकाल, आणि तिघंही शपथेवर सांगतील. लष्कर होतं आणि ते दोन वर्षं या मुलखात तळ देऊन बसलं होतं, एवढं मात्र सगळे सांगतात. जिथे पोथी लागते तिथे माणसं जमतात आणि माणसं जमली की फितुरी शिजते, असं त्या लष्कराच्या सरदाराच्या डोक्यात कुणीतरी भरवून दिलं. त्याने हुकूम काढला, की घरोघरच्या पोथ्या चावडीपुढे आणून जाळायच्या आणि लिहिणारा-वाचणारा सापडला की त्याला उचलायचं. कागद जळताना त्याचा काळा चुरा उडून लोकांच्या अंगणात, दाण्यांत, ताकात पडायचा म्हणे. बायका तो चुरा झाडूने लोटायच्या नाहीत, हातांनी वेचायच्या.

वेळगणात तेव्हा भानोबा नावाचा पोथ्या लिहिणारा माणूस राहत होता. घरी त्याची आई धोंडाई आणि बायको म्हाळसा. भानोबाने दूरच्या गावाहून एक पोथी मागून आणली होती आणि दोन वर्षं बसून तिची नक्कल उतरवली होती. ‘नवनदी’ असं तिचं नाव. आपल्या भागात ती कुणी ऐकलेली नव्हती. हुकूम येऊन पोचला होता, तरी चैत्रात भानोबाने ती घरातल्या घरात लावली. पहिला अध्याय अर्धा झाला असेल नसेल, तोच शिपाई दारात आले. त्यांनी त्याला बसल्या जागेवरून ओढून नेलं. पलिता आणायला ते वळले, तेवढ्यात म्हाळसाने पानं पदरात गोळा केली आणि ती मागल्या दाराने निघाली. आठ दिवसांनी खालच्या गावच्या वेशीवर भानोबाला मारल्याची बातमी आली.

धोंडाईच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली. पोथीचा अध्याय सुरू झाला की तो संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि संपल्यावरही सगळ्यात वडीलधारं माणूस उठल्याशिवाय बाकीच्यांनी उठायचं नाही, ही आपली जुनी रीत. आपल्या लेकाला अर्ध्या अध्यायातून उठवलं, म्हणूनच तो गेला, असं तिला वाटे. शिपायांपेक्षाही तिचा राग त्या अर्ध्या राहिलेल्या अध्यायावर होता. दुःखाने माणूस कुठे काय धरून बसेल, सांगता येत नाही.

पुढे लष्कर वस्त्या जाळू लागलं तेव्हा वेळगणची उरलीसुरली चाळीसएक माणसं या कपारीत येऊन लपली. राणोजी पाटील पुढे होता. ज्याला जे उचलता आलं ते त्याने आणलं होतं. कुणी नाचणी आणली, कुणी मिठाचा खडा, एकीने तर विरजणाचं बोळकं जपून आणलं होतं. म्हाळसाने पदर सोडला, तर पोटाशी फडक्यात बांधलेली पोथी.

“पायलीभर नाचणी बांधली असतीस तर चार तोंडं जगली असती,” राणोजी म्हणाला.

धोंडाई तर पेटलीच. “त्या पानांनी माझा ल्योक खाल्ला, आन् तीच पोटाशी बांधून आणलीस व्हय गं?”

म्हाळसाने फडकं पुन्हा बांधलं आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली.

धूर दिसेल म्हणून चूल नाही, आवाज जाईल म्हणून बोलणं नाही. एक बाई दिवसभर लेकराच्या तोंडावर हात ठेवून बसायची. चाळीस माणसं एका जागी आणि एक शब्द नाही, त्याची सवय नसते हो कुणाला. तिसऱ्या दिवशी धोंडाईने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि खाणं सोडलं. समोर धरलेली नाचणीची मूठ ती हाताने बाजूला सारायची. म्हातारीने ठरवलंय, हे सगळ्यांना कळलं. तिच्यापाठोपाठ आणखी दोघांनी ठरवलं असतं, इतकी माणसं आतून विझत चालली होती.

चौथ्या दिवशी दुपारी फटीतून ऊन आलं आणि दगडावर पडलं. म्हाळसा उठली, दगडापाशी जाऊन बसली, फडकं सोडलं आणि हलक्या आवाजात तिने पहिल्या ओवीपासून सुरुवात केली.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या धोंडाईने कान दिला. चाल भानोबाची होती. श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. क्षणभर तिला वाटलं, लेकच आलाय. तिने मान वळवली, तर उन्हाच्या पट्टीत सून बसलेली. वेळगणात तोवर बाईने पोथी वाचल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. पण कुणी हूं की चूं केलं नाही. अध्याय संपला आणि ऊनही दगडावरून उतरलं. धोंडाई म्हणाली, “तुला कुणी शिकवलं?”

“तुम्ही शेतावर गेलात की ते धुळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवून घ्यायचे.”

“आन् मला सांगितलं न्हाईस?”

“सांगितलं असतं तर धुळपाटी चुलीत गेली असती, आत्याबाई.”

हे खोटं नव्हतं.

पोथी होती ती एका दुष्ट राजाच्या मुलखातून पळालेल्या लोकांची. सोनाई नावाची कुंभारीण त्यांच्या पुढे चालते आणि घरी पोचायला त्यांना नऊ नद्या ओलांडाव्या लागतात. एकेका अध्यायाला एकेक नदी लागते. एक नदी उलटी वाहते. एकीत पाणीच नाही, नुसती वाळू, पण पाऊल ठेवलं की माणूस गिळते. एक नदी पलीकडे सोडायचं मोल म्हणून प्रत्येकाकडून त्याचं नाव मागते, आणि पलीकडे गेल्यावर माणसं एकमेकांना नव्याने नावं ठेवतात. रोज ऊन जेवढा वेळ दगडावर असे, तेवढ्यात म्हाळसा एक अध्याय पुरा करी. दुसऱ्या दिवशी ऊन यायच्या कितीतरी आधी सगळे दगडाभोवती सरकून बसू लागले. लेकराच्या तोंडावरचा हात सैल झाला, कारण लेकरूही गप्प ऐकायला लागलं. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी सोनाईची माणसं गुडघ्यापर्यंत वाळूत रुतली, आणि त्या संध्याकाळी धोंडाईने हात पुढे केला. “आण ती नाचणी,” ती म्हणाली. “वाळूतनं कशी निघत्यात तेवढं ऐकते, मग खुशाल मरते.” त्या कपारीत माणसं पहिल्यांदा हसली ती तेव्हा. तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता, पण हसली.

मग सोनाईची माणसं वाळूतून निघाली, तरी पुढची नदी होतीच. धोंडाईचं मरण रोज एकेका अध्यायाने पुढे गेलं. ती आता सुनेच्या अगदी शेजारी बसे. म्हाळसा वाचून झालेलं पान उचलून डाव्या हाताला पालथं ठेवी. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण उजवीकडची चळत उतरते आणि डावीकडची चढते, हे तिला दिसे. वाचनाच्या आठव्या दिवशी तिने हळूच विचारलं, “शेवटी पोचत्यात का गं घरी?”

“ऐका की उद्या,” म्हाळसा म्हणाली. तिला शेवट ठाऊक होता. तो तिने कुणालाच सांगितला नव्हता.

नवव्या दिवशी नववी नदी लागली. ती सगळ्यांत रुंद. सोनाईने सगळ्यांना एकाच नावेत बसवलं आणि नाव मधोमध आली. म्हाळसा वाचत होती:

*मध्यधारेसी आली नाव । मागे दिसेना गाव ।*
*पुढे दिसेना ठाव । पैलतीराचा ॥*

तेवढ्यात टेहळणीवर बसलेला राणोजी पाण्यातून धडपडत आत आला. खालचे झरे आटले होते. लष्कराची एक तुकडी पखाली घेऊन टाक्याकडे चढत होती. ते पाण्यात उतरले की कपार सापडणारच. बाहेर पडायला दुसरी वाट होती, मागच्या अंगाने सरळ जंगलात उतरणारी अरुंद नाळ. एका वेळी एकच माणूस जाईल अशी. “उठा,” राणोजी म्हणाला. “आत्ताच्या आत्ता उठा.”

कुणी उठेना.

तुम्हाला हा वेडेपणा वाटेल. मलाही पूर्वी वाटायचा. पण नऊ दिवस ती माणसं त्या नावेत बसलेली होती. नाव मधोमध सोडून उठायचं, म्हणजे आपणच बुडायचं, असं त्यांना वाटलं. सगळे धोंडाईकडे बघत होते. ती वडीलधारी, ती उठली तरच बाकीचे उठणार. आणि धोंडाई दगडासारखी बसून होती.

“माझा ल्योक अर्ध्यातनं उठला आन् गेला,” ती म्हणाली. “अध्याय पुरा झाल्याबिगर मी उठणार न्हाई.”

राणोजीने हात जोडले, मग दात-ओठ खाल्ले. म्हातारी ढिम्म हलली नाही. उजवीकडच्या चळतीत अजून बरीच पानं होती.

म्हाळसाने बोट ओवीवर तसंच ठेवलं आणि मान वर केली. “आत्याबाई,” ती म्हणाली, “वाचणारा बसून असला की अध्याय चालूच असतो. मी बसते. तुम्ही उठा.”

“आन् तू?”

“मी वाचते ना. अर्धा राहत नाही, मग तर झालं? तुम्ही उठल्याशिवाय ही लेकरं उठणार नाहीत.”

धोंडाईने एकदा मागे बसलेल्या माणसांकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. सारा जन्म तिला ते उठणं छळत राहिलं. बसून राहिली म्हणून एवढा वेळ गेला, आणि उठली म्हणून सून मागे राहिली. दोन्ही बाजूंनी तीच दोषी, असं ती म्हणायची. निघताना तिने वाकून विचारलं, “पोचत्यात का गं? एवढं सांग.” पण म्हाळसाने वाचायला सुरुवात केली होती, आणि वाचताना मध्ये दुसरं बोलत नाहीत.

आणि आता ती हलक्या आवाजात वाचत नव्हती. नऊ दिवस दाबून धरलेला आवाज तिने पूर्ण सोडला. टाक्यापाशी पोचलेले शिपाई पखाली हातात घेऊन जागच्या जागी उभे राहिले. कातळ बोलत होता. बाईच्या आवाजात, एका लयीत, दम न घेता. पाण्यात पाय घालायची कुणाची छाती होईना. इकडे पश्चिमेच्या फटीतून तोच आवाज नाळेत उतरत होता आणि माणसं एकामागून एक खाली सरकत होती. राणोजीने धोंडाईला पाठुंगळी घेतलं होतं. ती सगळ्यांत शेवटी उतरली. वाऱ्याने शब्द फाटत होते, तरी मधलं मधलं तिला कळत होतं. धार वाढली. वल्हं मोडलं. सोनाई उभी राहिली.

नाळ संपून झाडी सुरू होते तिथे पोचल्यावर आवाज थांबला. ओवीच्या मध्येच. सगळे वर बघत उभे राहिले. किंचाळी नाही, हत्याराचा आवाज नाही, काही नाही. “वरडली असती तर बरं झालं असतं,” धोंडाई पुढे म्हणत असे. “मला कळलं तरी असतं, की झालं म्हणून.”

चाळीसएक माणसं जगली. पावसाळाभर ती खालच्या जंगलात, ओळखीपाळखीच्या वाड्यांवर राहिली. दसऱ्याच्या सुमारास लष्कर हललं तेव्हा सगळी परत आली. आपलं जळकं घर बघायलाही न थांबता धोंडाई डोंगर चढली. तिच्या वयाला ती चढण झेपणारी नव्हती, पण तिला अडवणार कोण?

कपारीत म्हाळसा नव्हती. हाड नाही, रक्ताचा डाग नाही, लुगड्याची चिंधी नाही. दगडावर पोथी मात्र होती. अख्खा पावसाळा गेला आणि एक पान ओलं झालं नव्हतं, असं सांगतात. डावीकडे वाचलेल्या पानांची पालथी चळत, उजवीकडे न वाचलेली चार पानं. धोंडाईने ती बोटाने मोजली. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजली. मग ती दगडावर डोकं टेकून खूप रडली. लेकासाठी ती अशी कधी रडली नव्हती.

लष्कराबरोबर पखाली वाहायला धरून नेलेला एक माणूस पुढे गावात आला होता. तो म्हणे सांगे, की शिपाई ऊन उतरेपर्यंत बाहेरच बसून होते. शेवटी पलिते घेऊन आत शिरले, तर आत कुणीच नव्हतं. काही जण म्हणतात, त्यांनी तिला नेलं आणि तो माणूस घाबरून खोटं बोलला. मला स्वतःला तेच खरं वाटतं. लष्कर असतंच तसं. पण मी हे तुम्हाला इथे खाली सांगतोय. वर कपारीत बसून असं म्हणायची माझी हिंमत होणार नाही.

त्या वर्षीच एक शास्त्रीबुवा गावावरून चालले होते. त्यांना हकीकत कळली, तसे ते वर कपारीत आले. त्यांनी ती चार पानं हातात घेतली आणि म्हणाले, “एवढंच ना? आत्ता पुरं करून देतो.” सारा गाव जमला. नाव पलीकडे पोचली की बुडाली, हे कळावं म्हणून माणसं तळमळत होती आणि सगळ्यांत जास्त धोंडाई. शास्त्रीबुवांनी पहिलं पान डोळ्यांसमोर धरलं. धोंडाईने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

“ही तिची पानं हायेत,” ती म्हणाली. “ती वाचतीया. तुम्ही पुरं केलंत तर नाव पोचंल, पर ती मधीच राहील.”

शास्त्रीबुवांनी शास्त्र सांगून बघितलं. म्हातारीने ऐकलं नाही. तिने चारही पानं दगडावर ठेवली, स्वतः शेजारी बसली आणि एका पानाला म्हाळसाला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ थांबून एकेक पान उचलून पालथं घातलं. अक्षर न येणारी ती बाई प्रत्येक पानाकडे असं बघत होती, की समोरच्यांना वाटलं, हिला ऐकू येतंय. कदाचित येतही असेल. मग तिने गावाला एकच मागणं घातलं. लग्न होऊन येणाऱ्या प्रत्येक सुनेला सासूने अक्षर शिकवायचं, स्वतःला येत नसेल तर शिकवणारा शोधायचा. जिने धुळपाटी चुलीत घातली असती तिच्याच तोंडून हे आलं, म्हणून कुणी नाही म्हटलं नाही.

आजही चैत्रात नऊ दिवस वेळगण त्या कपारीत जमतं. इतर गावांत बुवा वाचतात. इथे सून वाचते आणि सासू शेजारी बसून ऐकते. मूळ पोथीची पानं आता पिवळी पडलीत, कडा झिजल्यात, पण अक्षर अजून लागतं. नवव्या दिवशी, म्हाळसाचा आवाज जिथे थांबला त्या ओवीपर्यंत आलं की वाचणारी सून उठते आणि जागा रिकामी करते. पुढची चार पानं आजवर कुणी वाचलेली नाहीत. विद्यापीठातली माणसं येऊन गेली, फोटो काढू द्या म्हणाली. चहा पाजून पाठवलं त्यांना. गावातली सगळ्यांत वयस्कर सासू ती पानं एकेक करून पालथी घालते. तेवढ्या वेळात कपारीत कुणी खोकतसुद्धा नाही. कुणाकुणाला काही ऐकू येतं, पण ज्यांना येतं ते सांगत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही. चौथं पान ठेवलं की म्हातारी त्या रिकाम्या जागेकडे वळते आणि आपल्या सुनेला विचारावं तसं विचारते, “झालं का गं तुझं?”

मग सगळे थांबतात. ऊन दगडावरून सरकतं, कडेला येतं, उतरतं. उत्तर आलेलं नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं असतं. तरी ते म्हातारीच्या तोंडून ऐकल्याशिवाय एकही माणूस जागचा हलत नाही.

“चालू हाय अजून,” ती म्हणते. “उठा तुम्ही.”